उचलवणे : यांत्रिक हातमोजा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

'हात हलला' आणि 'हात हलवला' या दोन वाक्यांत मराठीने एका अक्षराचे अंतर ठेवले आहे. पहिले वाक्य घटना सांगते, दुसरे कृती सांगते. पहिल्यात हात हाच कर्ता आहे. दुसऱ्यात हात कर्म झाला असून ज्याचा तो हात, तो माणूस वाक्यात उच्चारला न जाताही कर्तृपदी येऊन बसला आहे. घटना आणि कृती यांच्यातील हे अंतर मोजता येईल काय, हा प्रश्न लुडविग विट्गेन्स्टाइनने 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) या ग्रंथात वजाबाकीच्या रूपाने मांडला. माणसाने हात वर करणे, यातून हात वर जाणे तेवढे वजा केले तर काही बाकी उरते काय, असा तो प्रश्न. त्याचा रोख अर्थातच ती बाकी शोधून काढण्याकडे नव्हता. इच्छा, प्रयत्न वा संकल्प या नावाची एखादी स्वतंत्र मानसिक वस्तू प्रत्येक कृतीच्या पाठीशी उभी असते, या समजुतीविषयी संशय निर्माण करण्याकडे होता.

निरोगी शरीराच्या बाबतीत हा संशय रास्त आहे. पेला उचलणारा माणूस आधी इच्छा करतो, मग प्रयत्न करतो आणि शेवटी हात पुढे करतो, असे काही घडत नाही; तो पेला उचलतो, इतकेच. परंतु मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ज्याचा हात लुळा पडला आहे, त्याच्या बाबतीत ही वजाबाकी तत्त्वज्ञाने कल्पिलेली राहत नाही. आजाराने ती प्रत्यक्ष करून ठेवलेली असते. विल्यम जेम्सने 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' (१८९०) या ग्रंथात हाताची संवेदना गेलेल्या रुग्णाचे उदाहरण चर्चेस घेतले आहे. डोळे मिटून हात वर करण्यास त्याला सांगितले आणि तो हात दुसऱ्याने नकळत दाबून धरला, तर हात वर गेला अशीच त्याची खात्री असते. डोळे उघडल्यावर हात जागच्या जागी पाहून तो चकित होतो. बाकी उरलेली आहे. ज्या रकमेतून ती उरली, ती रक्कम मात्र हरवली आहे.

पक्षाघातानंतर वा इजेनंतर हाताच्या पुनर्वसनासाठी गेल्या काही दशकांत तयार होऊ लागलेले यांत्रिक हातमोजे या हिशेबात उलट्या बाजूने प्रवेश करतात. मोजा हात हलवतो. म्हणजे रुग्णाजवळ प्रयत्न आहे पण हालचाल नाही, आणि मोजाजवळ हालचाल आहे पण प्रयत्न नाही. या दोन अपुऱ्या राशींची बेरीज केली, तर मूळची कृती परत मिळते काय? आणि मिळत असेल, तर ती कोणाची? हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वा अभियांत्रिकीचा वाटतो. वस्तुतः तो कर्तृत्वाचा प्रश्न आहे, आणि म्हणून जितका नीतिशास्त्राचा तितकाच भाषेचा व साहित्यविचाराचाही आहे.

२

प्रथम मोज्याचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे, कारण 'यंत्र' या एका शब्दाखाली येथे एकाहून अधिक संबंध झाकले जातात. पक्षाघातानंतरच्या हाताची अडचण केवळ दुर्बलतेची नसते. पुष्कळदा बोटे मिटवणाऱ्या स्नायूंचा ताण वाढतो, बोटे उघडणाऱ्या स्नायूंवरील ताबा सुटतो आणि हात मुठीकडे झुकतो. पेला धरण्यासाठी हात आधी उघडावा लागतो आणि तो खाली ठेवण्यासाठीही उघडावाच लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणणाऱ्या समाजाला हे सहज ध्यानात येत नाही, की जी मूठ उघडतच नाही तिला काही घेता येत नाही आणि देताही येत नाही. मोज्याचे पहिले काम ही मूठ उघडण्याचे असते.

ते काम तो निरनिराळ्या मार्गांनी करतो. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली वर्णिलेल्या मोज्यात बोटांच्या पाठीवर रबरासारख्या मऊ पदार्थाच्या नळ्या आहेत. त्यांत द्रवाचा दाब वाढला की त्या वाकतात आणि बोटांना वाकवतात. सोल राष्ट्रीय विद्यापीठात घडवलेल्या मोज्यात शरीरातील कंडरांप्रमाणे बोटांवरून तारा नेलेल्या असून दूर ठेवलेली मोटर त्या ओढते. परंतु नैतिक दृष्टीने महत्त्वाचा भेद द्रव आणि तार यांच्यातला नाही. हालचाल कोण सुरू करतो, यातला आहे.

सर्वांत साध्या रीतीत मोटर ठरावीक गतीने बोटे उघडते व मिटते. मोजा घातलेला माणूस त्या वेळी खिडकीबाहेर पाहत असला तरी काम चालू राहते. दुसऱ्या रीतीत मोजा वाट पाहतो. स्नायूंत उमटणारा क्षीण विद्युत्संकेत वा बोटांचा अल्पसा दाब जाणवला, म्हणजेच माणसाने आरंभ केला, तर आणि तेवढाच तो पुढे होतो. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विक्रीस संमती दिलेले 'इप्सिहँड' हे साधन, जे मोजा नसून हातावर बसवायची यांत्रिक पट्टी आहे, याही पुढे जाते: डोक्यावरील विद्युदग्रांच्या साहाय्याने ते मेंदूच्या अबाधित बाजूत उमटणारा हेतूचा संकेत टिपते आणि त्यानुसार हात उघडते. जी बाकी विट्गेन्स्टाइनला संशयास्पद वाटली, ती येथे यंत्राला आज्ञा म्हणून पोहोचते. तिसऱ्या रीतीत रुग्णाच्या निरोगी हातात संवेदक असलेला मोजा असतो. तो हात जे करील तेच, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे, बाधित हातावरील मोजा करवतो. चौथ्या रीतीत उपचार हा उद्देशच नसतो. मोजा घालून माणूस जेवतो, दार उघडतो, कपडे घालतो.

या चार रीतींकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील भेद अधिक स्पष्ट होतो. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्यावरून करून दिली, क्रियेस सर्वाधिक साधक ठरणाऱ्याला करण म्हटले आणि कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही कर्तेपण नाकारले नाही. प्रयोजक रचनेत म्हणूनच दोन कर्ते असतात: करवणारा आणि ज्याच्याकडून करवले जाते तो प्रयोज्य. या दुसऱ्याचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. संस्कृतात गती, ज्ञान, भोजन इत्यादी अर्थांच्या धातूंच्या प्रयोजकात तो कर्म होतो. इतरत्र तो तृतीयेत राहून आपले कर्तेपण राखतो. माणसाला काही करायला लावले असता तो वस्तू होतो की कर्ता राहतो, ही निवड व्याकरणाने खुली ठेवलेली आहे. मोज्याच्या पहिल्या रीतीत रुग्ण कर्म आहे. दुसरीत तो प्रयोज्य कर्ता आहे. तिसरीत प्रयोजक आणि प्रयोज्य या दोन्ही भूमिका एकाच देहात वाटल्या गेल्या आहेत. आणि चौथीत मोजाच प्रयोजकाच्या आसनावरून खाली उतरून करण झाला आहे.

तिसऱ्या रीतीविषयी थोडे थांबायला हवे. उजवा आणि डावा हात सर्व अंतर्गत संबंधांत समान असूनही एकाचा मोजा दुसऱ्याला चढत नाही आणि आरशातला हात खऱ्या हाताच्या जागी ठेवता येत नाही, हे कांटने 'प्रोलेगोमेना'मध्ये (१७८३) अवकाशाच्या स्वरूपाविषयीचा पुरावा म्हणून मांडले होते. रुग्णाच्या दोन हातांमध्ये आरसा उभा करून निरोगी हाताचे प्रतिबिंब बाधित हाताच्या जागी दाखवण्याचा उपचार व्ही. एस. रामचंद्रन यांच्या आरशावरील कामातून पुढे आला. पक्षाघाताच्या रुग्णांवरील त्याचा एक प्राथमिक प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आरसा दृष्टीला जे दाखवतो ते मोजा स्नायूंपर्यंत नेतो. कांटचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. एका हाताचा मोजा दुसऱ्याला आजही चढत नाही. मात्र एका हाताची कृती दुसऱ्याला शिकवता येते. माणूस स्वतःचाच प्रयोजक होऊ शकतो, ही शक्यता येथे प्रत्यक्ष दिसते.

३

या ठिकाणी साहित्यविचाराशी असलेला संबंध उघड करणे योग्य होईल. रोलाँ बार्थच्या 'लेखकाचा मृत्यू' (१९६७) या निबंधापासून, 'स्व'पासून सुटलेला हात ही प्रतिमा उत्तरसंरचनावादी विचाराला प्रिय झाली. लिहिणारा हात आता कोणा अंतःकरणाचा निरोप्या नाही. आवाजापासून तुटलेला, केवळ लेखनाच्या हालचालीत अस्तित्वात असलेला असा तो हात आहे, असे ते प्रतिपादन होते. मराठी समीक्षेतही आत्मनिष्ठा, अनुभूतीची अनन्यता, लेखकाचे व्यक्तिमत्त्व या संकल्पनांना उतरती कळा लागल्यानंतर या प्रतिमेचे स्वागत झाले. कर्त्याचे विसर्जन हे मुक्तीचे दुसरे नाव ठरले.

पक्षाघाताने लुळा पडलेला हात या प्रतिमेचे शब्दशः रूप आहे. तो आवाजापासून तुटलेला आहे. त्याला हलवणारा कोणी आत नाही. मोटर त्याला उचलते, मिटवते, उघडते. आणि तरीही त्या हाताकडे पाहून कोणालाही मुक्तीचा प्रत्यय येत नाही. हा सिद्धान्ताचा उपहास नव्हे. बार्थचा प्रश्न संहितेच्या अर्थनिर्णयनाचा होता, स्नायूंचा नव्हता. तथापि एखाद्या सिद्धान्ताने आपली प्रतिमा शरीरातून घेतली असेल, तर शरीराने त्या प्रतिमेकडे परत पाहिल्यास त्याला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर असे असू शकेल, की कर्तृत्व सोडणे आणि कर्तृत्व हिरावले जाणे या दोन घटना बाहेरून सारख्या दिसल्या, तरी नैतिक दृष्ट्या परस्परविरुद्ध आहेत.

मराठी परंपरेला हा भेद फार पूर्वीपासून ज्ञात आहे. वारकरी संतकवी आपल्या वाणीचे कर्तृत्व आपल्याकडे घेत नाहीत. बोलणारा आणि बोलवणारा यांत भेद करून ते श्रेय बोलवणाऱ्याकडे सोपवतात. हे सोपवणे प्रयोजक क्रियापदाच्या रूपातच व्यक्त होते. पण ज्याला बोलता येते तोच बोलण्याचे श्रेय दुसऱ्याला देऊ शकतो. शरणागती ही समर्थाची कृती आहे. जो शरणही जाऊ शकत नाही, ज्याचा हात त्याने न सोडताच सुटला आहे, त्याच्या परावलंबनाला शरणागतीचे नाव देणे म्हणजे त्याच्यावर अध्यात्म लादणे होय. आधुनिक सिद्धान्ताने केलेले कर्त्याचे विसर्जन आणि भक्तीने केलेले अहंतेचे विसर्जन यांत कितीही अंतर असले, तरी दोहोंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: विसर्जन करण्याइतका कर्ता आधी जागेवर आहे.

४

मोज्यामागील नैतिक प्रश्नाचे मर्म मराठीच्या एका साध्या वैशिष्ट्यात सापडते. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत क्रियापदांचे प्रयोजक आणि शक्य असे दोन प्रकार सांगितले जातात. 'ती मुलाला चालवते' यातील क्रियापद प्रयोजक. 'मला आता चालवते' यातील शक्य. दोहोंची व्युत्पत्ती काय, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी रूप एकच आहे, ही गोष्ट शिल्लक राहते. 'मोजा त्याच्याकडून पेला उचलवतो' आणि 'त्याला पेला उचलवतो' या दोन वाक्यांत क्रियापद बदललेले नाही. बदलली आहे ती माणसाची विभक्ती. पहिल्या वाक्यात पेला त्याच्याकडून उचलला जातो; दुसऱ्यात उचलण्याची शक्ती त्याला आलेली आहे. हाताच्या पुनर्वसनाचे संपूर्ण ध्येय या एका संक्रमणात सांगता येईल: प्रयोजक 'उचलवणे' हे शक्य 'उचलवणे' व्हावे.

शक्य क्रियापदाची आणखी एक लकब येथे उपयोगी पडते. ते बोलण्यात येते ते बहुधा नकारात. उचलवत नाही, बसवत नाही, जेववत नाही, उठवेना. समर्थ माणूस 'मला उचलवते' असे क्वचितच म्हणतो, तो उचलतो. शक्ती ही जाताना नाव घेते. आणि या नकाराचा दुसरा एक प्रकार रुग्णाच्या उशाशी बसलेल्याच्या तोंडी असतो: पाहवत नाही. रुग्णाला पेला उचलवत नाही आणि मुलीला वा पत्नीला ते पाहवत नाही. म्हणून ती पुढे होते आणि पेला त्याच्या ओठांना लावते. एका अशक्तीला दुसरी अशक्ती भेटते आणि त्या भेटीचे नाव माया असते.

या मायेची किंमत काय, हे चेतापुनर्वसनाच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून मांडलेली कल्पना अशी, की बाधित अवयव वापरून पाहिल्यावर आलेल्या अपयशातून प्राणी तो न वापरण्यास शिकतो आणि पुढे वापरण्याची क्षमता काही अंशी परत आली तरी न वापरणे चालूच राहते. मराठीत याला अंगवळणी पडलेला अनुपयोग म्हणता येईल. त्यावर आधारलेल्या उपचारात रुग्णाचा निरोगी हात जागेपणीचा बहुतेक काळ एका जाड मोज्यात बंद ठेवतात आणि सर्व कामे दुर्बल हाताने करवून घेतात. अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील 'एक्साइट' चाचणीने २००६ साली या कठोर वाटणाऱ्या उपचाराचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ होतो, असे दाखवले. म्हणजे हाताच्या पुनर्वसनात दोन प्रकारचे मोजे आहेत. एक दुर्बल हाताला चढवायचा, साहाय्य करणारा. दुसरा समर्थ हाताला चढवायचा, साहाय्य रोखणारा. निरोगी हाताचे परोपकारीपण हेच दुर्बल हाताच्या वाटेतील विघ्न असू शकते, हे दुसऱ्या मोज्याने सांगितले.

पहिल्या मोज्यालाही हाच धडा शिकावा लागला. यंत्र सर्व काम करू लागले की माणूस आपला प्रयत्न नकळत कमी करतो, हे पुनर्वसनयंत्रांच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. हा आळस नव्हे. कमीत कमी श्रमात काम साधण्याचा देहाचा स्वाभाविक धर्म आहे. म्हणून 'गरजेपुरते साहाय्य' हे तत्त्व पुढे आले: माणसाने जेवढे केले त्याला पुरून उरणारी तूट तेवढी यंत्राने भरावी आणि माणूस जसजसा पुढे जाईल तसतसे मागे हटावे. यंत्रबळ हेच उत्तर असते, तर हा संकोच अनावश्यक होता. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या 'रॅटल्स' चाचणीने २०१९ साली असा निष्कर्ष काढला, की यंत्रसाहाय्याने दिलेले हाताचे प्रशिक्षण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या वापरात विशेष सुधारणा घडवत नाही. त्या चाचणीतील यंत्र मोजा नव्हते, पण तिचा इशारा मोज्यालाही लागू आहे. हात अनेकदा हलला, म्हणजे हात अनेकदा हलवला गेला असे नाही.

येथे एक धोका संभवतो. गरजेपुरते साहाय्य द्यायचे, तर गरज मोजावी लागते आणि गरज मोजायची, तर प्रयत्न मोजावा लागतो. जी बाकी आजवर रुग्णाच्या आत होती, ती आता पडद्यावरील रेघ होते. घरातील माणसे जे मोघमपणे म्हणत असत, की मनावर घेतले तर जमेल, त्याला आता आकड्यांचा आधार मिळतो. आज प्रयत्न कालच्यापेक्षा कमी, असे यंत्र सांगते. थकवा, विषण्णता, वेदना, मेंदूतील व्रणाची जागा या सर्वांचा त्या एका रेषेत लोप होतो आणि प्रयत्नाचे माप हळूहळू चारित्र्याचे माप बनते. ज्याला बरे वाटले त्याने ते कमावले आणि ज्याला वाटले नाही त्याने ते गमावले, हा निवाडा मग दूर नसतो. शक्य क्रियापदाचा कर्ता मराठीत चतुर्थीत येतो, 'त्याला उचलवते' असे म्हटले जाते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. ज्या विभक्तीत देणगी स्वीकारणारा उभा असतो, त्याच विभक्तीत शक्तीचा धनी उभा आहे. प्रयत्न माणसाचा असतो. शक्ती त्याला येते. आली नाही, तर तो दोष त्याच्या प्रयत्नावर लादता येत नाही.

५

यावर असा आक्षेप घेता येईल, की शक्य 'उचलवणे' हेच ध्येय मानले तर ज्यांना ते कधीच साधणार नाही त्यांच्यासाठी या विचारात जागा नाही. मोजा कायम घालून जगणारा माणूस या मांडणीत अपुरा कर्ता ठरतो. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर पुनर्वसनाच्या भाषेत नाही.

ब्राझीलचे पियानोवादक ज्वांव कार्लोस मार्टिन्स यांचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. १९४० साली जन्मलेल्या आणि बाखच्या वादनासाठी ख्याती मिळवलेल्या या कलावंताचे हात दुखापती, चेतासंस्थेचा विकार आणि शस्त्रक्रिया यांच्या मालिकेत निकामी होत गेले. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये फुटबॉल खेळताना झालेली इजा आणि १९९५ साली बल्गेरियातील सोफिया शहरात झालेला हल्ला हे त्यातील दोन टप्पे. पुढे ते वाद्यवृंदाचे संचालन करू लागले. उबिराटान बिझारो कोस्टा या औद्योगिक अभिकल्पकाने त्यांच्यासाठी तयार केलेल्या मोज्यांची वार्ता २०२० च्या आरंभी जगभर पोहोचली. या मोज्यांत पट्टी दाबून झाल्यावर पोलादी सळ्या स्प्रिंगप्रमाणे बोट पुन्हा वर उचलतात. पट्टी दाबण्याचे काम मोजा करत नाही. ते मार्टिन्स यांचे आहे. मोजा पुढच्या सुरासाठी बोट मोकळे करून देतो. या मोज्यामुळे त्यांचे हात बरे झाले नाहीत आणि होणारही नव्हते. परंतु तो सूर कोणाचा, हा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणाला पडेल असे वाटत नाही.

याहून वेगळे उत्तरही संगीताच्या इतिहासात आहे. विट्गेन्स्टाइनचा थोरला भाऊ पाउल हा पियानोवादक होता. १९१४ साली पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. त्याच्यासाठी मोरिस राव्हेलने केवळ डाव्या हाताने वाजवायचा कंचेर्तो रचला आणि १९३२ साली व्हिएन्नामध्ये तो सादर झाला. एका भावाने हात वर जाण्याविषयी प्रश्न विचारला, दुसऱ्याला तो प्रश्न एका हातानिशी जगावा लागला. राव्हेलने हात बदलला नाही, रचना बदलली. व्यंगाचे ओझे शरीराने एकट्याने का वाहावे, जगाने आपली मांडणी का बदलू नये, हा अपंगांच्या चळवळींनी पुढे विचारलेला प्रश्न त्या कृतीत अनुस्यूत आहे. ज्या घराचे दार एका हाताने उघडता येते, ज्या कचेरीतील अर्ज तोंडी सांगता येतो, तेथे मोज्याची निकड कमी होते. मोजा हे साहाय्य आहे. ते न घालण्याच्या स्वातंत्र्यासह मिळाले, तरच साहाय्य आहे.

कर्तृत्व स्नायूंत नसते, हे तत्त्व कायद्यानेही फार पूर्वी मान्य केले आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र करणाऱ्याने त्यावर सही करावी वा आपली खूण करावी, किंवा त्याच्या समक्ष आणि त्याच्या निर्देशानुसार दुसऱ्या व्यक्तीने त्यावर सही करावी. हात दुसऱ्याचा असला तरी इच्छापत्र त्याचेच राहते. त्यासाठी दोन अटी पुरेशा मानल्या आहेत, समक्षता आणि निर्देश. माणूस तेथे असला पाहिजे आणि सांगणारा तो असला पाहिजे. मोजा घालून केलेली सही या कसोटीवर सहज उतरते. उलट, मोटरने धरलेल्या हाताने, धन्याचे लक्ष नसताना उमटलेली अक्षरे, ती त्याच्याच बोटांनी उमटली तरी, त्याची सही नव्हेत.

यावरून आक्षेपाचे उत्तर देता येते. मोज्याला दोन न्याय्य भूमिका आहेत. जेथे शक्ती परत येण्याचा संभव आहे, तेथे तो प्रयोजक असावा, पण स्वतःला अनावश्यक करण्याच्या दिशेने चालणारा प्रयोजक असावा. जेथे तो संभव नाही, तेथे त्याने प्रयोजकपद सोडून करण व्हावे. चष्मा, काठी वा लेखणी यांच्या पंक्तीत बसावे. करण वापरणारा कर्ता अपुरा नसतो. करणाशिवाय असा कोणताही कर्ता जगात नाही. अन्याय होतो तो तिसऱ्या स्थितीत: मोजा मागेही हटत नाही आणि खालीही उतरत नाही, तेव्हा. मग हालचाल आहे, नोंद आहे, प्रगतीचा आलेख आहे. फक्त कर्ता नाही. आणि पहिल्या भूमिकेतून दुसरीत केव्हा जायचे, सराव केव्हा थांबवून जगणे केव्हा सुरू करायचे, हा निर्णय यंत्राच्या नोंदवहीचा नाही, खर्च उचलणाऱ्या संस्थेचा नाही आणि ज्यांना पाहवत नाही त्यांचाही नाही. उपचार करणाऱ्याचा सल्ला त्यात अवश्य असावा. निर्देश मात्र ज्याचा हात आहे त्याचा असावा. कर्त्याच्या स्वातंत्र्याचा किमान अर्थ एवढा तरी आहेच.

६

लेखनाच्या आरंभाकडे वळले, तर हा सारा प्रश्न अपरिचित राहत नाही. धूळपाटीवर वा पाटीवर पहिले अक्षर काढणाऱ्या मुलाच्या हातावर दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो. बोटे मुलाची, वळण मोठ्या हाताचे. त्या क्षणी मूल लिहीत नसते. त्याच्याकडून लिहवले जात असते. तरीही घरात सगळे म्हणतात, की मुलाने श्री काढला, आणि हे म्हणणे खोटे नसते. ते एक आगाऊ दिलेले श्रेय असते. पुढे खरे होण्याच्या भरवशावर दिलेले. ज्या हाताची सही पुढे ग्रंथांवर, पत्रांवर, दस्तांवर उमटते, त्या प्रत्येक हाताच्या इतिहासात असा एक मोजा आहे. लेखकाचे कर्तृत्व स्वयंभू नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्याचा मृत्यू घोषित करण्याची गरज नव्हती. त्याचे बालपण आठवले असते तरी पुरे होते.

गिरवून घेणाऱ्या हाताचे कौशल्य पकडीत नसते. पकड केव्हा सैल करायची, हे त्याला कळते; मुलाचा हात कुठे अडतो, कुठे वाहतो, हे तो आपल्या तळव्याला जाणवू देतो. चांगला शिक्षक एके दिवशी नकळत हात काढून घेतो आणि मूल लिहीतच राहते. ज्या मुलाला काही कारणाने लिहिणे कधीच साधत नाही, त्याच्या हातून तो पाटी हिसकावत नाही. त्याने सांगितलेले लिहून देतो आणि खाली नाव त्याचे घालतो. यांत्रिक हातमोज्याकडून अपेक्षा करायची ती याहून वेगळी नाही. त्याच्या नळ्या, तारा आणि संवेदक कितीही सूक्ष्म झाले, तरी त्याची परीक्षा या जुन्या हाताच्या कसोटीवरच होणार आहे: सोडावे केव्हा हे त्याला कळते काय, आणि सोडता येत नाही तेथे नाव कोणाचे घालायचे, हे त्याला घालणाऱ्या समाजाला कळते काय.